चार वाजताची वेणी

हे लिहायला मला जवळजवळ वर्ष लागलं. एखाद्या दिवशी चार ओळी, मग आठवडाभर काही नाही. हे ज्यांच्यासाठी लिहिते आहे त्यांनाही असंच थांबत थांबत वाचावं लागेल, हे मला ठाऊक आहे. पुस्तकं हाच जिचा जन्मभराचा आधार होता, तिला एक पान सलग वाचता येऊ नये, असे महिने मी काढले आहेत.

माझा आजार नैराश्याचा. माझी थोरली बहीण २०१४ च्या दिवाळीत गेली आणि त्यानंतर तो आला. तो पूर्ण गेला आहे असं मी म्हणणार नाही. तो परत आला तर मला एकटीला कळणार नाही, ही भीती मला आजही आहे. या भीतीचं आम्ही काय केलं, एवढंच मला सांगायचं आहे.

हळद-कुंकू

ताई आणि मी तीस वर्षं मसोलीच्या घरात एकत्र राहिलो. दोघींनी लग्नं केली नाहीत. ती डहाणू रोडच्या शाळेत गणित शिकवायची, मी तलासरीकडच्या एका आश्रमशाळेत मराठी. रोज सकाळी चहा झाला की ओट्यावर बसून ती माझी वेणी घालायची आणि मी तिची. बोलणं फारसं नसायचं. बोललोच तर आमटीत काय घालायचं एवढंच.

ती गेल्यावर मी रडले नाही. एकही रजा जास्त घेतली नाही. फक्त केस विंचरणं थांबलं. सकाळी ओट्यावर बसायचे, हातात कंगवा असायचा, आणि शाळेची वेळ झाली की केस तसेच गुंडाळून वर बांधायचे. कंगवा उचलून डोक्यापर्यंत नेणं हे काम मला डोंगराएवढं वाटायचं. ज्याला हे झालेलं नाही त्याला हे सांगून पटत नाही, म्हणून जास्त सांगत नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत माझा धाकटा भाऊ विलास आणि त्याची बायको नीता बोईसरहून राहायला आले. मी न्हाऊन आले तेव्हा नीताने माझे केस पाहिले. मागे मानेपाशी त्यांचा हाताएवढा घट्ट दोर झाला होता.

"वन्सं, ही जट आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "किती दिवसांपासून?"

"माहीत नाही."

"कात्री लावू नका हं. देवीचं असतं ते."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या दोघी हळद-कुंकू घेऊन आल्या. जट म्हणजे न विंचरलेले केस, त्यात दैवी काही नाही, हे मी वर्षानुवर्षं सातवीच्या वर्गात सांगत आले होते. पण त्या दिवशी मी मान खाली केली आणि हळद लावून घेतली. नाही म्हणायला जी ताकद लागते ती माझ्यात नव्हती. दोन मंगळवार बायका येऊन माझ्या पाया पडून गेल्या. मी जेवत नव्हते तर म्हणाल्या, उपास धरलाय. बोलत नव्हते तर म्हणाल्या, मौन आहे. माझ्या आजाराचं एकेक लक्षण त्यांनी भक्तिभावाने दुसऱ्याच खात्यात टाकलं. त्यांना दोष देत नाही. त्यांना माझ्याबद्दल काहीतरी चांगलं वाटायचं होतं.

तिसऱ्या मंगळवारच्या आधी विलास पुन्हा आला. मला उचलून बाजेवर बसवताना त्याच्या लक्षात आलं की माझं वजनच राहिलेलं नाही. त्याने कुणालाही न विचारता गाडी ठरवली आणि मला हद्दीपलीकडे गुजरातमधल्या एका रुग्णालयात नेलं.

आजाराचं वय

डॉक्टर तरुण होते. झोप, भूक, कामात लक्ष, असं सगळं विचारून झाल्यावर म्हणाले, "डोक्याला रुमाल का बांधलाय?"

मी रुमाल सोडला. त्यांनी पाहिलं. चेहरा बदलला नाही.

"किती महिन्यांचं आहे हे?"

"सात," मी म्हणाले. ताईला जाऊन सात महिने झाले होते.

"आजारही तेवढाच जुना आहे," ते म्हणाले आणि लिहू लागले.

मला त्या वाक्याने बरं वाटलं. आजाराला वय होतं. म्हणजे तो माझा स्वभाव नव्हता.

बाहेर बाकावर विलास रडत होता. चाळीशीतला माणूस, कारखान्यात लोकांवर ओरडणारा. मला पाहून त्याने डोळे पुसले आणि म्हणाला, "सुधाताई, शाळेत काय सांगायचं?"

"खरं सांग."

"वेडी आहे का तू," तो म्हणाला आणि त्याने स्वतःच जीभ चावली. मग थोड्या वेळाने, "कावीळ सांगतो."

मी हो म्हणाले. त्या 'हो'ची किंमत पुढे सहा महिने मोजली. ते पुढे येईलच.

आरसा नसलेली खोली

वॉर्डात मी एकोणीस दिवस होते. सहाला चहा, सातला गोळ्या, नऊला डॉक्टरांची फेरी, बाराला खिचडी नाहीतर डाळ-भात. दुपार लांबलचक. भीती वाटायची ती दुपारचीच. मरावंसं वाटतं का, असं डॉक्टरांनी सरळ विचारलं होतं. मी सांगितलं, मरावंसं नाही, पण उद्या सकाळी जाग येऊ नये असं रोज वाटतं. ते म्हणाले, बरं झालं सांगितलंत, हे नेहमी सांगायचं. हे वाचणाऱ्यांनाही सांगते, तुमच्या घरात कुणी असं म्हणालं तर त्याला गप्प करू नका, ऐका आणि डॉक्टरांकडे घेऊन जा.

वॉर्डात आरसा नव्हता. कंगवेही परिचारिकेच्या कपाटात. चार वाजता ती कंगव्यांचा ट्रे आणायची आणि आम्ही आठजणी एकीमागे एक बसून एकमेकींचे केस विंचरायचो. स्वतःचे विंचरता येत नाहीत असं नाही, पण आरशाशिवाय भांग वाकडा येतो, म्हणून ही पद्धत पडली असावी. पहिल्या दिवशी परिचारिका माझ्या मागे बसली. गुजरातीच बोलायची.

"बेन, आ देवी नथी," ती माझी जट हातात घेऊन म्हणाली. "गूंच छे." गूंच म्हणजे गुंता.

तिने चार दुपारी खोबरेल तेल लावून, कंगव्याच्या शेपटीने एकेक केस सोडवला. शेवटचं चार बोटं टोक सुटेना, ते मला विचारून कापलं. कुणीतरी मागे बसलंय, केसांना ओढ बसतेय, आणि आपल्याला त्या माणसाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. सात महिन्यांत पहिल्यांदा मी तिथे ताईबद्दल बोलले. ज्या बाईशी बोलले तिचा चेहरा मला आज आठवत नाही. हात आठवतात.

कावीळ

घरी आले तर अख्खं मसोली माझ्या काविळीच्या सेवेत. सहकारी शिक्षिका उसाचा रस घेऊन यायच्या. मुख्याध्यापकांनी मुळ्याचा पाला पाठवला. सहा महिने मला कुणी तळलेलं काही दिलं नाही. लग्नाच्या पंगतीत माझ्या पानातली भजी वाढपी स्वतः उचलून न्यायचे. खरं सांगायचा धीर होत नव्हता, आणि खोट्याची जपणूक करून मी दुप्पट दमायचे. नीता मात्र गोळ्यांच्या वेळा पाठ करून रोज फोन करायची. देवीचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

एक दिवस लाडकी आली. तलासरीकडच्या एका पाड्यावर राहणारी, तिची मुलगी माझ्याकडे शिकून गेली होती. ती मसोलीच्या वाडीत चिकू उतरवायच्या कामाला यायची. पदरात काविळीचा पाला बांधून आणला होता. माझ्यासमोर उकिडवी बसली, अंगठ्याने माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढली, मग नखं पाहिली.

"ही कावील नाय, बाई."

तिने पाला पुन्हा पदरात बांधला.

"मुलगा गेला तवा मनाबी असाच झाला," ती म्हणाली. "चूल पेटवाची नाय. लोकांना वाटला, बाहेरचा लागला. दोन वरसा."

"मग कशी बरी झालीस?"

"कुठं झाली," ती म्हणाली. "कामाला येते."

मी तिला सगळं सांगितलं. वॉर्ड, गोळ्या, परिचारिका, चार वाजताचे कंगवे. तिने शेवटच्या गोष्टीवर मान हलवली. मग उठून माझ्या मागे येऊन बसली आणि म्हणाली, "कंगवा कुठं हाय?"

मंगळवार

आमच्या मंडळाची स्थापना म्हणायची तर ती अशी झाली. मंडळ हा शब्दही मोठा आहे. मंगळवारी दुपारी चार वाजता माझ्या ओट्यावर चारजणी. मंगळवार मी मुद्दाम धरला. त्याच दिवशी बायका माझ्या पाया पडायच्या. त्याच वारी आता त्यांच्यापैकी कुणी येऊन केस विंचरून घ्यावेत, अशी माझी इच्छा.

तिसरी आली जयवंती, चिंचणीची मासळीवाली. नवरा वारल्यापासून टोपली डोक्यावर घेतली की तिची छाती धडधडायची. हृदयाचे सगळे कागद साफ होते. डॉक्टरांनी मनाचा आजार म्हटल्यावर तिने त्यांच्याकडे जाणंच सोडलं होतं. माझ्याबरोबर पुन्हा गेली. चौथी भारतीबेन, ज्या वाडीत लाडकी कामाला यायची तिची मालकीण. मुलं परदेशी, घर मोठं, आणि त्यांना झोप नव्हती.

पहिल्या मंगळवारी भारतीबेन ओट्याच्या कडेला पर्स मांडीवर घेऊन बसल्या. लाडकी त्यांच्या मागे बसेना आणि त्या लाडकीच्या मागे बसेनात. कामाला सांगणारीच्या केसांना हात कसा लावायचा, असा एकीचा संकोच. दुसरीचा काय होता ते सगळ्यांना कळत होतं.

"घरी माझा डोका दुखते जरा, म्हणून..." भारतीबेन म्हणाल्या.

"उवांचा विचार करताय ना?" जयवंतीने विचारलं. "करा गो. मी पण करते. चौघींपैकी एकीच्या असतील तर पुढच्या मंगळवारी चौघींच्या. मग भांडण नाही."

लाडकी आधी हसली. मग भारतीबेन हसल्या, पर्स खाली ठेवली आणि म्हणाल्या, "बस ने लाडकी. पण तेल माझ्या घरचा हां."

नियम पुढे आपोआप ठरत गेले. जिचे केस विंचरले जातात तिने हवं तर बोलावं. जिच्या हातात कंगवा, तिने सल्ला द्यायचा नाही. हा सगळ्यात अवघड नियम. जयवंतीने तो पहिल्या महिन्यात दर पाच मिनिटांनी मोडला. गोळ्या चालू असतील तर त्या सोडायला कुणी सांगायचं नाही. ज्या महिन्यात डॉक्टरांकडे जायचं असेल त्या महिन्यात एकीने सोबत जायचं.

चौघींचे कंगवे ताईच्या शिवणाच्या डब्यात माझ्या घरी असत. एखादी मंगळवारी आली नाही, तर बुधवारी सकाळी तिचा कंगवा तिच्या घरी जाई. घेऊन जाणारीने काही विचारायचं नाही. केस विंचरायचे, चहा मिळाला तर प्यायचा, कंगवा परत आणायचा. कोणी जायचं ते मी ठरवायचे. जयवंतीकडे सहा वेळा कंगवा गेला असेल. सातव्या वेळी ती दारातच म्हणाली, "येते गो मंगळवारी, रोज रोज काय येता," आणि आली.

फार काही घडायचं नाही. पुष्कळदा कुणी काही बोलायचं नाही. कंटाळाही यायचा. या कंटाळ्याबद्दल मला कृतज्ञता आहे. एकटीने कंटाळणं आणि चौघींनी कंटाळणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

शाळेत मी कावीळ नव्हती हे सांगून टाकलं. मुख्याध्यापक म्हणाले, "तरी म्हटलं, मुळ्याचा पाला एवढा कसा मानवला नाही." पुढे त्यांनीच त्यांच्या मेहुणीसाठी डॉक्टरांचा पत्ता मागून नेला.

चिठ्ठी

आता जे लिहायचं आहे, त्याच्यापाशी मी दोन महिने अडून होते.

२०१८ च्या उन्हाळ्यात मी निवृत्त झाले. तीन वर्षं ठीक गेली होती. डॉक्टरांनी गोळी हळूहळू कमी करू म्हटलं होतं. मी त्यांना न विचारता एका आठवड्यात बंद केली. मी दुसऱ्यांचे कंगवे पाठवणारी बाई होते. अशी बाई रोज गोळी घेते, हे मलाच शोभेनासं झालं होतं. मोह एवढाच होता. गणपतीपर्यंत झोप गेली. नवरात्रात जेवण गेलं.

दिवाळीच्या सुमाराच्या एका मंगळवारी मला चारला उठून दार उघडणं शक्य वाटेना. मी वहीचं पान फाडलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: आज बसणे नाही. वाचन चालू आहे. पान दाराला लावलं आणि कडी घातली.

जयवंती येऊन गेल्याचं मला पावलांवरून कळलं. ती दाराशी थांबली, वाचलं असावं, आणि चप्पल न वाजवता परत गेली. भारतीबेनही तशाच. नंतर जयवंती म्हणाली, "आम्हाला वाटलं, बाई म्हणजे शिकलेल्या. पुस्तकात असतील. कशाला मोडता घाला?" लाडकी त्या दिवसांत भातकापणीसाठी पाड्यावरच होती.

बुधवारी माझ्याकडे कंगवा घेऊन कुणी आलं नाही. कोणी जायचं हे सांगणारी मीच होते, आणि चौघींचे कंगवे कडीच्या आत माझ्याजवळ होते. आम्ही सगळ्यांची सोय केली होती, माझी सोडून. हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. माझ्या तर मुळीच नाही.

पुढच्या मंगळवारी चिठ्ठी तशीच होती. पुन्हा पावलं, पुन्हा शांतता. मी आत जमिनीवर पडून होते आणि मला वाटलं, बरं झालं, आता कुणाला माझी सवय राहणार नाही. हा विचार शांतपणे आला. त्याचीच मला आज सगळ्यात जास्त भीती वाटते.

तिसऱ्या मंगळवारी दार वाजलं. पावलं गेली नाहीत. पुन्हा वाजलं.

"बाई. चार वाजले."

मी पडूनच राहिले.

"बाई, मी लाडकी. कापनी झाली."

दाराला काहीतरी टेकल्याचा आवाज आला. ती दाराला पाठ लावून बसली होती. मग ती बोलत राहिली. भात कसं आलं, कुणाच्या शेतात डुकरं शिरली, नातवाला दात आले. अधूनमधून थांबायची, जशी वेणीचा पेड बदलताना थांबायची. केव्हातरी मी सरकत सरकत दारापाशी गेले आणि आतून पाठ टेकून बसले. मध्ये फळी होती. तिला ते कळलं असावं, कारण तिचा आवाज खाली आला.

"कंगवा तुमच्याजवल हाय," ती म्हणाली. "मी हातानंच सोडवेन. उघडा."

मी कडी काढली.

तिने माझ्याकडे पाहिलं, पण तोंडावर काही दाखवलं नाही. मला उन्हात ओट्यावर बसवलं. मागे बसून मानेवरचे केस बोटांनी चाचपले.

"गुंता धरलाय," ती म्हणाली. "अजून लहान हाय."

बराच वेळ गेल्यावर तिने दाराकडे मान केली. "ता काय लिवलाय?"

मला वाचून दाखवावं लागलं. आज बसणे नाही. वाचन चालू आहे.

"काय वाचत होत्या?"

"काही नाही."

कितीतरी वर्षं मी तिच्या मागे लागले होते की लाडकी, अक्षरं शीक, महिनाभराचं काम आहे. आणि ती म्हणायची, पुढच्या वर्षी. त्या दुपारी माझ्या मनात आलं, तिला वाचता येत असतं तर तीही आल्या पावली गेली असती. ज्यांना माझी चिठ्ठी वाचता आली त्या सगळ्यांना मी परत पाठवलं होतं.

गुंता सोडवून झाल्यावर तिने हातात आलेले केस घेतले, बोटावर गुंडाळून त्यांचा लहानसा गोळा केला. असे केस उघड्यावर टाकत नाहीत. तिने दारावरचं पान ओढून काढलं, त्यात तो गोळा बांधला आणि कनवटीला खोचला. दुसऱ्या दिवशी विलासने मला डॉक्टरांकडे नेलं. मागच्या सीटवर लाडकी होती. दिवसाचा रोज बुडवून आली होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा वाडीच्या मालकिणीने तिला स्वतःहून जा म्हटलं होतं.

डबा

गोळी पुन्हा सुरू आहे. या वेळी तिचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. मी दमलेली असते. सकाळी उठायला अजून वेळ लागतो. वाचन हळूहळू परत येत आहे, दिवसाला दोन पानं.

नियम एकच बदलला. कंगव्यांचा डबा आता कुणा एकीच्या घरी राहत नाही. दर महिन्याला घर बदलतं, आणि ज्या घरी डबा तिथेच बसायचं. कंगवा कोणी न्यायचा ते कुणा एकीने ठरवायचं नाही. मंगळवारी ज्या आल्या असतील त्यांनी निघायचं. दाराला चिठ्ठी लावायची नाही, हे जयवंतीने स्वतंत्रपणे जाहीर केलं. मी लाडकीला पुन्हा अक्षरं शिकण्याबद्दल विचारलं. ती म्हणाली, "पुढच्या वरसी." या वेळी मी वाद घातला नाही.

हा महिना डबा लाडकीकडे आहे. मसोलीहून तिच्या पाड्यावर जायचं तर आधी स्टेशनवरून तलासरीची एसटी, मग फाट्यावर उतरून रिक्षा, मग बांधावरून चालणं. आज मंगळवार आहे आणि मला जावंसं वाटत नाही. अंग जड आहे, बाहेर ऊन आहे, आणि हे लिहून संपवायचं हे एक चांगलं कारणही हाताशी आहे. पण आज नाही गेले, तर उद्या सकाळी माझा कंगवा घेऊन त्या हाच सगळा रस्ता उलटा कापत येतील, आणि काही विचारणार नाहीत.

दोन वाजले आहेत. वही मिटते आणि एसटी पकडते.